दात पांढरे करायचेत? आधी डाग कशाचा, ते ओळखा
स्केलिंग, ब्लीचिंग, बॉन्डिंग, व्हेनिअर, अलाइनर... कोणासाठी काय योग्य?

लग्नसराई जवळ आली की सातारा, कराड, सांगली, मिरजेतील दातांच्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘दात पांढरेशुभ्र होतील का?’ उत्तर दातांच्या रंगावर नाही, तर तो रंग कशामुळे आला यावर अवलंबून असते. कारण न ओळखता केलेला उपचार पैसे वाया घालवतो आणि कधी कधी चांगला दातही कायमचा झिजवतो.

डाग वरचा की आतला?
चहा, कॉफी, पान, तंबाखू आणि मशेरीचे डाग सुरुवातीला दाताच्या पृष्ठभागावर बसतात. ग्रामीण भागात आजही अनेक महिला सकाळी मशेरीने दात घासतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने दात स्वच्छ होत नाहीत, उलट काळे पडतात आणि हिरड्यांचे नुकसान होते. असे वरचे डाग साफ करता येतात.

आतले डाग वेगळे. लहानपणी दात तयार होत असताना पाण्यातून जास्त फ्लोराइड पोटात गेले, टेट्रासायक्लिनसारखे औषध घेतले किंवा मार लागून दाताची नस मेली, तर रंग आतूनच बदलतो. तो कितीही घासला तरी जात नाही.

उपचार कोणते?

स्केलिंग : यंत्राच्या साहाय्याने दातांवरचा कडक थर व डाग काढले जातात. ‘सफाईने दात हलतात, फटी पडतात’ हा गैरसमज आहे. फट आधीपासूनच असते, साचलेला थर निघाल्यावर ती दिसते. काही दिवस दातांना ठणका लागू शकतो. अनेकांना एवढ्यावरच हवा तो फरक दिसतो.

ब्लीचिंग : पेरॉक्साइडयुक्त जेल दाताच्या आत जाऊन रंगाचे कण तोडते. दवाखान्यात एका बैठकीत किंवा मापाचा ट्रे घेऊन घरी काही दिवसांत हे होते. परिणाम कायमचा नसतो. कॅप, फिलिंग यांचा रंग मात्र बदलत नाही. त्यामुळे पुढच्या दाताला कॅप बसवायची असेल, तर ब्लीचिंग आधी करावे.

बॉन्डिंग : तुटलेला कोपरा किंवा लहान फट दाताच्या रंगाच्या कॉम्पोझिटने भरतात. बहुधा एकाच बैठकीत काम होते, दात फारसा घासावा लागत नाही. मात्र चहा-हळदीचे डाग यावर पडतात.

व्हेनिअर : दाताच्या दर्शनी भागावर सिरॅमिकचे पातळ आवरण चिकटवतात. त्यासाठी बहुतेक वेळा इनॅमल थोडे घासावे लागते आणि ते पुन्हा तयार होत नाही. म्हणून हा शेवटचा पर्याय समजावा.

ब्रेसेस, अलाइनर : वेडेवाकडे दात निरोगी असतील, तर घासून झाकण्यापेक्षा सरळ करणे चांगले. अलाइनर दिवसाचे 20 ते 22 तास घालावे लागतात. उपचार संपल्यावर रिटेनर वापरला नाही, तर दात पुन्हा सरकू शकतात.

लिंबू, सोडा, कोळसा नको
इनॅमल काहीसे पारदर्शक असते आणि त्याखालचे डेंटिन मुळातच पिवळसर. लिंबाच्या आम्लाने किंवा कोळशाने इनॅमल झिजले की आतला पिवळेपणा अधिक दिसतो. म्हणजे दात पांढरे करण्याच्या नादात ते आणखी पिवळे होतात.

सौंदर्याआधी तपासणी
तंबाखू, मशेरी किंवा गुटखा खाणाऱ्यांनी डाग काढण्याआधी संपूर्ण तोंड तपासून घ्यावे. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे, तरी सवय सुटलेली नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम ही कर्करोगाची किंवा त्याआधीची लक्षणे असू शकतात. किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या यांवरही आधी उपचार हवेत.

उपचार कुठे घ्यावा?
ब्यूटी पार्लर, रस्त्याकडेला ‘फिक्स दात’ बसवणारे किंवा ऑनलाइन मागवलेले जेल यांच्यापासून दूर राहावे. दंतवैद्याची नोंदणी राज्य दंत परिषदेकडे असावी लागते. ती विचारण्यात गैर काही नाही. खासगी दवाखान्याचा खर्च परवडत नसेल, तर कराडमधील कृष्णा विश्व विद्यापीठाचे, सांगलीतील भारती विद्यापीठाचे आणि कवलापूरचे वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय येथे चौकशी करता येईल. अशा महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार होतात. फेऱ्या जास्त पडू शकतात, पण खर्च सहसा कमी असतो.

खुर्चीवर बसण्याआधी हे विचारा
• माझ्या दाताचा रंग कशामुळे बदलला?
• दात घासावा लागेल का? किती?
• परिणाम किती काळ टिकेल, पुन्हा खर्च किती?
• याहून सोपा पर्याय आहे का?

लग्न तोंडावर आल्यावर घाई करण्यापेक्षा दोन-तीन महिने आधी तपासणी करावी. दात सरळ करायचे असतील तर त्याहून बराच आधी. आणि तंबाखू, मशेरी सुटली नाही, तर कोणताही उपचार फार काळ टिकणार नाही.