आधी माप, मग माल

दिवाळी अंकासाठी संपादकांना जुन्या ट्रकचा झकास रंगीत फोटो हवा होता. मलकापूरच्या हायवेलगतच्या गॅरेजात दिसली ती नुसती चेसिस. केबिन विटांवर टेकवलेली, इंजिन सुटं करून फळीवर मांडलेलं. मालक खामगावकडचे कापूस व्यापारी. आजोबांच्या काळात गाठी वाहिलेली टाटा-मर्सिडीज त्यांना पुन्हा चालती करायची आहे.

टाटांच्या टेल्को कंपनीनं 1954 साली डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला हे ट्रक बांधायला घेतले. 1969 मध्ये करार संपला, जाळीवरचा मर्सिडीजचा तारा गेला आणि टाटांचं नाव उरलं.

मी रमलो ते मेस्त्रींजवळ. मालकांनी हौसेनं टायर, बॅटरी, पिस्टन-रिंगा आधीच आणून ठेवलेल्या. मेस्त्री त्या खोक्यांना हात लावेनात. "क्रँक मोजला नाही, बोअर मोजला नाही, अन् माल कोन्या मापाचा आनला भाऊ?"

क्रँक घासला की बारीक होतो. दहाचं बेरिंग लागेल की वीसचं, हे घासल्यावरच ठरतं. बोअर केला की सिलिंडर रुंदावतो, म्हणून पिस्टनही नंतर. गाडी ढकलायला जुने टायर पुरतात. नवे उभ्याउभ्या म्हातारे होतात, आणि चार्जिंगविना बॅटरी मरते. काचेचं रबर, दिव्याची रिंग असा दुर्मीळ माल मात्र दिसेल तेव्हा उचलायचा. कामाचा क्रमही पक्का: चेसिस, कमानी, ब्रेक, मग इंजिन-गिअरबॉक्स चढवून केबिनशिवाय चाचणी, मग केबिन, वायरिंग, शेवटी रंग. रंगानंतर वेल्डिंग निघालं तर रंगाचे पैसे दोनदा.

या चोख यादीत कागद कुठेच नाहीत. "ते मालकाचं काम," मेस्त्री म्हणतात. 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, पण ती खासगी वापराच्या, मूळ रूप राखलेल्या दुचाकी-चारचाकींना. मालवाहू ट्रक त्यात कसा बसवणार? नेहमीची नोंदणी चालू ठेवायची तर जुनी पुस्तकी नोंद सापडायला हवी, आणि तिच्याशी चेसिसचा नंबर जुळायला हवा. गंज काढताना ग्राइंडर त्या ठोकलेल्या आकड्यांवरून फिरला, तर नवं इंजिनही गाडीला रस्त्यावर आणू शकणार नाही.

क्रँक घासायला टाकण्याआधी आरटीओत जाऊन या, असं मी मालकांना सुचवलं. ते म्हणाले, "एकदा रंग होऊ द्या, मग पाहू."