डिस्ट्रिब्यूटरचं रिकामं घर

वर्कशॉपमधल्या जुन्या अँबॅसॅडरच्या पेट्रोल इंजिनाला मायक्रोकंट्रोलरने स्पार्क द्यायचा, हा आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट. सर्किट पंधरा दिवसांत झालं. अडलं ते सेन्सर बसवायचा कुठे यावर. मी पुलीपाशी ब्रॅकेट ठोकायच्या विचारात होतो. मेस्त्री म्हणाले, "अरे, अर्ध्या स्पीडने फिरणारा शाफ्ट आयता बाहेर आलाय. त्याचंच घर वापर की!"

ते घर म्हणजे डिस्ट्रिब्यूटर. ज्यांनी हा प्राणी पाहिलाच नाही (कॉम्प्युटरवाले, तुम्हीच!) त्यांच्यासाठी थोडक्यात: क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा याचा एक. त्या एका फेऱ्यात कॅम चारदा पॉइंट उघडतो, कॉइलचा करंट तुटतो आणि हाय व्होल्टेज रोटर-कॅपमधून 1-3-4-2 या क्रमाने प्लगना जातं. पॉइंटची गॅप 0.35 ते 0.40 मिमी. पॉइंट झिजले की ती बदलते आणि टायमिंगही हलतं. म्हणून पॉइंट काढून तिथे हॉल सेन्सर.

खोलताना पहिली काळजी व्हाइसची. बॉडी अॅल्युमिनियमची आहे, थेट आवळली तर तडकते. लाकडाचे दोन तुकडे मध्ये घाला. व्हॅक्यूम युनिटच्या अॅडजस्टिंग नटमागे एक बारीक स्प्रिंग असते, ती सर्क्लिप काढताच उडते. आमची रॅकखाली गेली, अर्धा तास झाडू मारला. युनिट काढल्यावर कार्ब्युरेटरकडून येणारी नळी बंद करा, नाहीतर तिथून हवा ओढली जाईल. रिकाम्या भोकातून रबरी ग्रोमेट लावून सेन्सरच्या तीन वायरी बाहेर काढल्या.

कॅमखालची सेंट्रिफ्यूगल वजनं लॉक करावी लागतात. आता अॅडव्हान्स प्रोग्रॅम देणार. वजनंही मोकळी ठेवली तर तो दोनदा लागेल. रोटर कुठेही लॉक करून मात्र चालत नाही. टायमिंग पुढेमागे झालं तरी स्पार्कच्या क्षणी त्याचं टोक कॅपच्या टर्मिनलसमोरच हवं, म्हणून आम्ही मधली जागा धरली. आणि चार चुंबकांची चकती सिग्नल स्पार्कच्या बरीच आधी येईल अशी बसवली. कंट्रोलर सिग्नल मिळाल्यावर थांबू शकतो, सिग्नलच्या आधी उठू शकत नाही!

खरी परीक्षा बुशची. शाफ्टचं टोक धरून आडवं हलवलं तर लटलट जाणवली. इथे एक हिशेब लक्षात ठेवा: डिस्ट्रिब्यूटरवर 1 अंशाची चूक म्हणजे क्रँकवर 2 अंशांची. सेन्सर कितीही भारी लावा, शाफ्ट डुलला तर सिग्नलही डुलणार. नवा बुश सच्छिद्र ब्राँझचा. बसवण्याआधी तो पातळ इंजिन ऑइलमध्ये 24 तास बुडवून ठेवायचा आणि त्याला रीमर अजिबात लावायचा नाही. छिद्रं बुजली की तेल झिरपायचं बंद. (माझ्या पार्टनरने रीमर हातात घेतला होता, वेळीच ओरडलो.)

बुशसाठी शाफ्ट काढायचा तर खालच्या ड्राइव्ह डॉगची पिन ठोकावी लागते. डॉगची जीभ मुद्दाम एका बाजूला सरकवलेली असते, म्हणजे डिस्ट्रिब्यूटर इंजिनात एकाच पद्धतीने बसतो. पण डॉग स्वतः शाफ्टवर उलटा बसू शकतो! खूण करायला मी विसरलो आणि नेमका उलटा बसवला. स्टार्टर मारला तर कार्ब्युरेटरमधून असा बार निघाला की शेजारच्या लेथवरची मुलं पळाली. डिस्ट्रिब्यूटरवर 180 अंश म्हणजे क्रँकवर 360. एक्झॉस्ट स्ट्रोक संपता संपता, इनलेट व्हॉल्व्ह उघडायच्या सुमारास स्पार्क पडत होता.

चारही प्लग वायरी कॅपवर समोरासमोर बदलल्या असत्या तरी इंजिन चाललं असतं. व्हायवा चार दिवसांवर होता, आम्ही तेच करणार होतो. सर म्हणाले, "पुढच्या वर्षीचा मुलगा मॅन्युअल बघून वायरी लावेल तेव्हा?" पुन्हा पिन ठोकली. या वेळी आधी सेंटर पंचने शाफ्ट आणि डॉग दोघांवर ठिपका दिला.

इंजिन आता चालतं. काढलेले पॉइंट, कन्डेन्सर आणि व्हॅक्यूम युनिट (स्प्रिंगसकट!) वर्कशॉपच्या कपाटात डब्यात ठेवलेत. कोणाला मूळ सेटिंग पाहायचं असेल तर मेस्त्रींकडून चावी घ्यावी.