यंत्र थांबते तेव्हा

कारखान्यातील स्वयंचलित यंत्र अचानक थांबते तेव्हा दोष कोणाच्या हद्दीत आहे हे ते सांगत नाही. संवेदकावर तेलाचा थर साचला असेल, नळीतील हवेचा दाब उतरला असेल, तार सैल झाली असेल, किंवा सारे भाग शाबूत असून नियंत्रक न आलेल्या संकेताची वाट पाहत असेल. जोडारी विजेकडे बोट दाखवितो, वीजतंत्री हवेच्या दाबाकडे. तोवर पाळी संपत येते. या सर्व विद्या एकाच हाती असाव्यात, या गरजेचे नाव मेकाट्रॉनिक्स. हा शब्द १९६९ साली जपानच्या यास्कावा कंपनीतील अभियंता तेत्सुरो मोरी यांनी घडविला.

जर्मनीने १९९८ मध्ये त्याला स्वतंत्र व्यवसायाची मान्यता दिली. मुदत साडेतीन वर्षांची. उमेदवार प्रथम कारखान्याशी करार करतो, विद्यावेतनही तेथूनच मिळते. अधूनमधून त्याला व्यवसायशाळेत बसावे लागते. परीक्षा मात्र उद्योग व व्यापार मंडळाची, आणि परीक्षकांत मालक, कामगार व शिक्षक अशा तिन्ही पक्षांची माणसे. सारे मर्म येथेच आहे.

आपल्याकडे कायद्याची वानवा नाही. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ चा. तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांनी एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यावेत, असे २०१९ चे नियम सांगतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मेकाट्रॉनिक्स तंत्रज्ञाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही आहे. प्रश्न आहे तो त्या दोन वर्षांत हाती काय पडते याचा. मांडून ठेवलेल्या संचावर दट्ट्या पुढेमागे सरकविणे कोणासही जमेल. निदेशकाने मुद्दाम एखादी तार सोडवून ठेवावी आणि उमेदवाराने आराखडा पुढ्यात घेऊन, एकेक बिंदू तपासत दोषापर्यंत पोहोचावे, तेव्हा कोठे शिक्षण सुरू होते. त्यासाठी निदेशकालाच काही महिने चालत्या कारखान्यात धाडले पाहिजे. हा खर्च कोणी करावयाचा, यावर सहसा कोणी बोलत नाही!

वर्षभर एकच कळ दाबणाऱ्या उमेदवाराला अखेरीस प्रमाणपत्र मिळते, विद्या मिळत नाही. मालकाला मात्र स्वस्त मजूर मिळालेला असतो. अर्थात भोसरी-चाकणच्या लहान कारखानदाराची अडचणही खोटी नव्हे. त्याने घडविलेला माणूस थोड्या अधिक पगारावर मोठी कंपनी उचलते. जर्मनीत लहान कारखाने एकत्र येऊन प्रशिक्षणाचा भार वाटून घेतात. औद्योगिक वसाहतींतील संघटनांनी तशी सामायिक कार्यशाळा काढली, तर खर्च विभागला जाईल आणि उमेदवाराला चार तऱ्हेची यंत्रे हाताळावयास मिळतील. तेथली परीक्षा मात्र बाहेरच्या मंडळाने घ्यावी, आणि तीही बंद पाडलेल्या यंत्रासमोर उभे करून.