वर्गात बसलेला ‘ढ’चा शिक्का

नवे सत्र सुरू झाले की समाजाच्या कार्यक्रमात भेटल्यावर आपण एकमेकांना विचारतो, नातवंड कोणत्या शाळेत आहे, कोणते बोर्ड घेतले, फी किती. वर्गात त्याच्याशी बोलतात कसे, हे मात्र कोणी विचारत नाही. मुलाच्या पुढच्या आयुष्यावर या गोष्टीचा परिणाम फीपेक्षा जास्त होतो, म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच सांगतो, बहुसंख्य शिक्षक मनापासून शिकवतात. पन्नास-साठ मुलांचा वर्ग सांभाळणे सोपे नाही. कडक शिक्षकांबद्दलही तक्रार नाही. कडक शिक्षक चूक दाखवतात, सर्वांना एकच नियम लावतात आणि तास संपला की विषय संपतो. छळणारा शिक्षक एखाद्या मुलाला हेरतो. त्याच्या चुकीऐवजी त्यालाच नावे ठेवतो. ‘ढ’, ‘मठ्ठ’, ‘गधा’ असे शब्द सर्वांसमोर, पुन्हा पुन्हा वापरतो. वर्ग हसतो आणि मूल उलट उत्तर देऊ शकत नाही. मग सोबतची मुलेही त्याला तेच म्हणू लागतात, कारण खुद्द सरांनीच तशी परवानगी दिलेली असते.

हे किती मुलांच्या बाबतीत घडते?

राष्ट्रीय बाल अधिकार संरक्षण आयोगाने २००९-१० या शैक्षणिक वर्षात सात राज्यांतील ६,६३२ मुलांशी बोलून पाहणी केली. त्यांपैकी ६,६२३ मुलांनी कोणती ना कोणती शिक्षा भोगल्याचे सांगितले. म्हणजे शिक्षा न झालेली मुले फक्त नऊ. सुमारे ८१ टक्के मुलांना ‘तुला शिकणे जमणारच नाही’ अशा अर्थाचे बोल ऐकावे लागले होते. छडीचा वळ चार दिवसांत जातो, या बोलांचे तसे नसते.

परिणाम इतका टिकतो कसा?

त्याची कारणे समजायला कठीण नाहीत. पहिले कारण भीती. बेरीज करताना हातचा लक्षात ठेवावा लागतो. डोक्यात ही लक्षात ठेवण्याची जागा थोडीच असते. ‘आता मला उठवतील, सगळे हसतील’ या धास्तीने ती जागा भरली की हातचा निसटतो आणि गणित चुकते. मग पुन्हा बोलणी बसतात आणि धास्ती आणखी वाढते.

दुसरे कारण वय. आठ-दहा वर्षांच्या मुलाला शिक्षक चूक असू शकतात हे कळत नाही. शिक्षक म्हणाले म्हणजे ते खरेच, असे ते धरून चालते. पुढे शिक्षक बदलतात, शाळाही सुटते, पण ‘मला हे जमत नाही’ हा निकाल मूल स्वतःच सोबत बाळगते. मग ते हात वर करत नाही, शंका विचारत नाही, तो विषयच टाळते. पाया कच्चा राहतो आणि शिक्षकांचे बोल खरे ठरल्यासारखे दिसतात.

बँकेच्या काउंटरवर मी असे अनेक ग्राहक पाहिले. दुकानाचा सगळा हिशेब तोंडी करणारा माणूस साधी स्लिप भरायची म्हटली की घाम पुसायचा. ‘साहेब, तुम्हीच भरा, लिखापढी आपल्याला कधी जमली नाही,’ म्हणायचा. प्रत्येकाच्या मागे शाळेतलीच गोष्ट असेल असे नाही, पण काहींनी आपणहून ती सांगितली होती, तीही पन्नाशीनंतर.

‘आम्हीही मार खाल्ला, बिघडलो का?’

आमच्या पिढीचा हा ठरलेला प्रश्न. पण तो विचारणारे आपण शाळा पार करून आलेले लोक आहोत. मारामुळे, अपमानामुळे ज्यांनी शाळा सोडली ते या चर्चेत नसतात. फक्त फिटलेली कर्जखाती पाहून शाखा उत्तम चालली आहे असा निष्कर्ष काढण्यासारखे हे आहे. याउलट साने गुरुजींचे उदाहरण घ्या. अमळनेरच्या शाळेत त्यांनी जेमतेम सहा वर्षे शिकवले, पण त्यांची आठवण आजही निघते ती त्यांनी मुलांना लावलेल्या मायेमुळे.

आपल्या मुलांची एक वेगळी अडचण

इंदूरसारख्या शहरात घरी मराठी आणि शाळेत हिंदी किंवा इंग्रजी असते. घरी ‘माझा आवाज’ म्हणणारे मूल वर्गात सहज ‘मेरा आवाज’ म्हणून जाते. शिक्षकांनी हळूच सुधारले तर ते दोन्ही भाषा शिकते. त्यावर वर्गाला हसवले तर मूल घरीही मराठी बोलायचे सोडते. आपल्या कार्यक्रमांत नातवंडे हिंदीतच उत्तरे का देतात, याचे एक कारण हेही असू शकते.

घरच्यांनी काय करावे?

शाळेच्या दिवशीच पोट दुखणे, एकाच विषयाची वही लपवणे, रविवारी संध्याकाळपासून गप्प होणे, ही लक्षणे ओळखावीत. ‘तूच काहीतरी केले असशील’ हे वाक्य टाळावे, कारण त्यानंतर मूल पुन्हा सांगत नाही. आधी पूर्ण ऐकून घ्यावे. केव्हा, काय घडले, हे तारखेसह लिहून ठेवावे. मग त्या शिक्षकांशी शांतपणे बोलावे. फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी पत्र देऊन पोच घ्यावी.

कायदाही आपल्या बाजूने आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे, आणि तसे करणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई होऊ शकते. हा कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो. आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये टोमणे, नावे ठेवणे आणि घरच्या परिस्थितीवरून किंवा जातीवरून हिणवणे हेही मानसिक छळात धरले आहे. तातडीच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

तक्रार केली तरी बसलेला शिक्का आपोआप जात नाही. त्यासाठी घरात कोणीतरी रोज पंधरा मिनिटे मुलाजवळ बसून, चुकले तरी न रागावता, तोच विषय त्याच्याकडून करून घ्यायला हवा. आपण निवृत्त मंडळींकडे तेवढा वेळ नक्कीच आहे.