अंगणातील मोगरा आणि ‘वस्सिका’

चैत्रात अंगणातील मोगरा बहरला की उपासकांकडून एक प्रश्न हमखास येतो : फुलांचा आनंद घेणे ही आसक्तीच नव्हे काय? आधार दिला जातो तो धम्मपदाच्या पुप्फवग्गाचा. फुले वेचण्यात गुंतलेल्या माणसाला मृत्यू ओढून नेतो, असे तेथे (गाथा ४७) सांगितले आहे. परंतु त्या गाथेचा भार ‘पुप्फ’ या शब्दावर नसून ‘ब्यासत्तमनस’ या विशेषणावर आहे. ‘ब्यासत्त’ म्हणजे जडलेले, अडकलेले. दोष चित्ताच्या जडण्यात आहे, फुलात नाही. अष्टशीलातही माला-गंध धारण करणे वर्ज्य आहे, पाहणे नव्हे. आणि थेरगाथेत तर कालुदायी थेर वसंतातील वृक्षांचे वर्णन करूनच भगवंतांना स्वजनांकडे येण्याची विनंती करतात.

याहून बोलका दाखला भिक्खुवग्गात (गाथा ३७७) आहे. वस्सिका कोमेजलेली फुले सोडून देते, तसे राग-द्वेष सोडावेत, असा तिचा आशय. ‘वस्सिका’ ही मोगऱ्याच्याच कुळातील. नाव वर्षेवरून आलेले, आपल्याकडे मात्र मोगऱ्याचा बहर ऐन उन्हाळ्यातला! सायंकाळी उमललेले फूल दुसऱ्या दिवशी तांबूस पडते आणि फांदी हलताच गळते. झाड ते धरून ठेवीत नाही.

पुष्पपूजेच्या गाथेचा शेवट याच कोमेजण्याने, ‘मिलायति’ने, होतो. विहारात आपण ती ताज्या फुलांपुढे, बहुधा घाईत, म्हणतो. अंगणातील चार फुले न तोडता झाडावरच राहू दिली, तर तो शेवट दुसऱ्या दिवशी डोळ्यांना दिसतो.