दोन प्रतींची एक प्रत

माझ्या दुसऱ्या कवितासंग्रहात एक कविता दोनदा छापली गेली आहे. एकदा 'चूल' या नावानं, एकदा 'राख' या नावानं. अम्मीवरची कविता, ती गेल्यानंतर लिहिलेली. झालं असं, की हस्तलिखिताच्या दोन प्रती होत्या. एक श्रीरामपूरच्या स्नेह्यांकडे तपासायला दिलेली, एक माझ्याकडे. त्यांनी शब्द दुरुस्त केले. इकडे मी क्रम बदलला, निम्म्या कवितांची नावं बदलली. मग एका रात्रीत नावं ताडून दोन्ही प्रती एक केल्या. त्यांची दुरुस्त 'चूल' माझ्या प्रतीत सापडेना. राहून गेली असेल म्हणून घातली. 'राख' होतीच.

पुण्यात सॉफ्टवेअरच्या कामावर असलेल्या भाच्याला हे सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "मामू, आमचं रोजचं दुखणं हेच आहे."

मंडळी, त्यांच्या एका प्रोग्रामच्या हजारो फायली असतात आणि अनेक माणसं आपापल्या प्रतीत बदल करतात. त्या प्रती पुन्हा एक करण्याला ते मर्ज म्हणतात. हा हिशेब ठेवणारं गिट नावाचं सॉफ्टवेअर लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली सुरू केलं. गिट दोन नव्या प्रतींबरोबर त्यांची मूळ प्रतही समोर ठेवतं. एखादी ओळ एकानंच बदलली असेल तर बदललेली घ्यायची. दोघांनी वेगवेगळी बदलली असेल तर माणसाला विचारायचं.

मूळ प्रतीचं मोल आम्हा नगरकरांना वेगळं सांगायला नको. ज्ञानेश्वरी 1290 साली आमच्याच नेवाशात सांगितली गेली. पुढे नकला होत गेल्या, पाठ बदलत गेले. संत एकनाथांनी शके 1506 म्हणजे 1584 साली ग्रंथ शुद्ध केला आणि यापुढे कुणी पदरची ओवी घालू नये असं बजावलं. पण ज्ञानेश्वरांच्या वेळचं हस्तलिखित आज उपलब्ध नाही. म्हणून मूळचा शब्द कोणता आणि नकलणाऱ्याचा कोणता, हा प्रश्न अभ्यासकांना पडतोच. गिट जुनी प्रत जपून ठेवतं, त्यामुळे ही अडचण त्याला नाही.

त्याची अडचण माझ्यासारखी. फायलीचं नाव किंवा जागा बदलल्याची वेगळी नोंद ते ठेवत नाही. मजकूर ताडून अंदाज बांधतं. जुनी हजार नावं गायब आणि नवी हजार नावं हजर, तर जोड्या झाल्या दहा लाख! मर्ज रेंगाळतं ते इथं. जोड्या ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्या, तर गिट हा शोधच सोडून देतं. मग 'चूल' आणि 'राख' वेगळ्या ठरतात आणि निस्तरायला माणूस बसतो.

एलायजा न्यूरन यांनी यावर चिकाटीनं काम केलं. 'ऑर्ट' नावाची त्यांची पद्धत नोव्हेंबर 2021 मध्ये आलेल्या गिट 2.34 पासून आपोआप वापरली जाते. तिची खुबी कामं टाळण्यात आहे. ज्या फोल्डरला एकाच बाजूनं हात लागला, ते शक्यतो उघडायचंच नाही. तंतोतंत तोच मजकूर असलेल्या जोड्या आधी बाजूला काढायच्या. मग फोल्डर बदललं पण फायलीचं नाव तेच राहिलं, अशा जोड्या पाहायच्या. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: समोरच्यानं एखाद्या फायलीत काही दुरुस्तीच केली नसेल, तर तिचं नवं नाव हुडकायची बहुतेक वेळा गरजच नाही. पोचवायला काही नाही, तर पत्ता कशाला? नावं भरपूर बदललेल्या मोठ्या मर्जमध्ये यानं शेकडो पटींनी वेळ वाचला.

भाच्याकडे जुनं गिट होतं, ते त्यानं बदललं. शिवाय आता त्याच्या गटात नावं आणि जागा बदलायच्या असल्या, तर तेवढंच करून आधी मर्ज करतात. मजकुराला हात त्यानंतर. आणि महिनाभराचं साठवून ठेवत नाहीत. मी मात्र साठ कविता चार महिने साठवल्या होत्या.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघालीच तर नाव 'राख' ठेवीन, आणि शेवटच्या ओळीतला शब्द स्नेह्यांनी सुचवलेला. माझ्या शब्दापेक्षा तो अम्मीच्या तोंडचा वाटतो.