शेतकऱ्याची कंबर व तिचे व्यायाम

शेतकऱ्याला निराळ्या व्यायामाची गरज ती काय, असा प्रश्न पुष्कळांस पडेल. मोट हांकणाऱ्या, नांगराचें रुमणें दाबून धरणाऱ्या आणि कोसभर चालून शेत गांठणाऱ्या पिढीस ती खरोखरच नव्हती. परंतु आज मोटेच्या जागीं पंप आला, नांगरट ट्रॅक्टरनें होते आणि बांधापर्यंत मोटारसायकल जाते. देखरेख करणाऱ्या जमीनमालकाचें शरीर बसून राहतें. आहार मात्र वडिलांच्याच मापाचा! मग पोट पुढें येतें व कंबर दुबळी होते. ऐन हंगामांत ४५ किलो युरियाचें एकच पोतें उचलतांना उसण भरते, आणि वाफसा साधावयाचा तेव्हां मालक खाटेवर पडून असतो.

प्रथम आपली कंबर मोजावी. शेवटची बरगडी व कंबरेचें हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, फीत धरावी. आपल्याकडील पुरुषांत हा घेर ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारें साडेपस्तीस इंच, किंवा त्याहून अधिक भरल्यास मधुमेह व हृदयविकार यांचा धोका वाढतो.

पोटाचे व्यायाम केले म्हणजे पोटाचीच चरबी झडते, हा समज चुकीचा आहे. चरबी सर्वांगाची मिळून उतरते. त्याकरितां रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालावें व सूर्यनमस्कार घालावेत. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं या नमस्कारांचा प्रसार हेंच आपलें व्रत मानलें व संस्थानांतील शाळांतूनही ते चालू केले. जोडीला आहारही आवरावा. दिवसांतून ६ कप चहा, प्रत्येकांत २ चमचे साखर, म्हणजे सुमारें ५० ग्रॅम साखर नकळत पोटांत जाते.

कंबरेचें बळ वाढविण्यास पुढील तीन व्यायाम पुरेसे आहेत. त्यांस घोंगडीपलीकडे कांहीं साहित्य लागत नाहीं.

(१) पालथें पडून कोपरें व पायांचीं बोटें यांवर अंग उचलावें. डोक्यापासून टांचेपर्यंत शरीर फळीसारखें सरळ ठेवावें.

(२) एका कुशीवर निजून त्या बाजूचें कोपर व पाऊल यांवर कंबर उचलून धरावी; नंतर कूस बदलावी. नवख्यानें पावलाऐवजीं गुडघा टेकावा.

(३) तळहात व गुडघे जमिनीवर टेकावेत. मग उजवा हात पुढें व डावा पाय मागें लांब करावा; नंतर डावा हात व उजवा पाय. पाठ हलूं देऊं नये.

प्रत्येक स्थितींत १० सेकंद राहून सोडावें. असें पांच वेळां करावें. श्वास कोंडूं नये. नेटानें फार वेळ थांबण्यापेक्षां आवर्तनें हळूहळू वाढविणें बरें.

एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी. रात्रभर निजल्यानें मणक्यांमधील गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. उठल्याबरोबर वाकल्यास त्यांवर अधिक ताण पडतो. म्हणून नमस्कार असोत कीं गोठ्यांतील शेण काढणें असो, पहिला तासभर हिंडून-फिरून मगच वाकावें. पोतें उचलतांना कंबरेंतून न वाकतां गुडघ्यांत वाकावें, ओझें अंगाशीं धरावें आणि वळणें तें पावलें टाकून वळावें.

ज्यांस अंतर्गळ आहे, किंवा ज्यांच्या कंबरेंतून पायांत कळ जाते वा मुंग्या येतात, त्यांनीं वैद्यकीय सल्ल्यावांचून हे व्यायाम करूं नयेत.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेस कंबरेचा घेर जमाखर्चाच्या वहींत टिपावा. बैलाची खांदेसूज व पंपाची खरखर आपण वेळींच ओळखतों. तीच काळजी स्वतःच्या कंबरेची घेतल्यास पुढील पेरणीच्या वेळीं मालक खाटेवर नव्हे, शेतांत दिसेल.